साखर पेठेतला लांडगा

सोलापूर, साखर पेठ
ता. ८ फेब्रुवारी १९३४

रा. रा. बिरप्पा यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि. तुमच्या भगिनी अंबुबाई यांच्या सांगण्यावरून हे पत्र लिहीत आहे. बोर्डिंगातील पाचही मुले-मुली सुखरूप असून सातवीचा अभ्यास नेटाने चालू आहे. तुमचा पाय कसा आहे ते कळवावे.

कळविण्यास वाईट वाटते की, तुम्ही पायाच्या दुखण्यामुळे येथे संगप्पांच्या शेतात ठेवून गेलेल्या शाळेच्या मेंढरांपैकी पाच मेंढरे लांडग्याने नेली. त्यांत तुमच्या कै. येडूच्या नावाची मेंढीही गेली. बाकीची सुरक्षित आहेत व परवा ती तुमच्या माणसांबरोबर वाडीस रवाना केली. अंबुबाई म्हणतात, देवाची मर्जी, त्याला कोण काय करणार. कळावे, लोभ असावा.

अंबुबाई, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

सोलापूर, साखर पेठ
फाल्गुन वद्य पंचमी, ता. ६ मार्च १९३४

तीर्थस्वरूप बिरप्पादादास,
धाकट्या अंबूचा दंडवत. सारजावहिनीलाही दंडवत सांग. तुझ्या पायाची सूज उतरली असं कळलं, बरं वाटलं. काटा सगळा निघाला का तेवढं बघ. बाभळीचा काटा अर्धा निघाला तरी माणसाला मोकळं वाटतं, आणि उरलेला आतल्या आत पू धरतो.

इकडं ऊन तापायला लागलं. गिरणीचा भोंगा झाला की मी चूल पेटवते, पोरं तोवर उठून घोकत बसलेली असतात. केरा गणितात वर्गात पहिली आली. कोंडीबा शुद्धलेखनात अजून छड्या खातो आणि हसत घरी येतो. शेजारची बसम्मा रोज दळायला बसताना एक मूठ ज्वारी बोर्डिंगातल्या पोरांसाठी बाजूला काढते, अजून चुकली नाही. तिचं मराठी तसंच अर्धं कानडी आहे, पण मुठीला भाषा लागत नाही.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. ओळी चढावर गेल्यात, हसू नको. पोरांच्या मागं बसून, कोपरा फुटलेल्या एका जुन्या पाटीवर मी चार वर्षं गिरवत होते, कुणाला बोलले नाही. आजवरची पत्रं मास्तर मोडीत लिहायचे आणि तिकडं कुलकर्णी वाचून दाखवायचे. म्हणजे माझं बोलणं तुझ्या कानावर पडायला दोन शहाणी माणसं मधे लागायची. हे बाळबोध आहे, हे चिमा वाचेल. चिमा इथं चौथीपर्यंत शिकली, मग तुम्ही तिला लग्नासाठी उचलून नेलीत. वाडीत बाळबोध वाचणारी ती एकटी सून. तेव्हा चिमे, अंगणात बस, वहिनीला उंबऱ्याच्या आत ठेवू नकोस, बाहेर बोलाव, आणि मोठ्यानं वाच. जिथं वाचू नये असं वाटेल तिथं आणखी मोठ्यानं वाच.

आता कामाचं. संगप्पा मोडनिंबच्या बाजारात बैल बघायला आला होता तेव्हा तू त्याच्याकडं निरोप दिलास. तो परवा येऊन दारात उभ्यानंच बोलला, पाणीसुद्धा घेतलं नाही, तेव्हाच मला कळलं की निरोप जड आहे. होळीला बिरोबाच्या देवळात पुजाऱ्याच्या अंगात आलं आणि देव बोलला म्हणे. पोरं शहरात ठेवलीत ते मला पसंत नाही, म्हणून माझी मेंढरं मीच परत नेली. पोरं आणली नाहीत तर मेंढरांचं सगळं खांड नेईन. आणि वाडीनं ठरवलं की पाडव्याला चौघांनी सोलापूरला जायचं, पाचही पोरं घरी आणायची. इथून पुढं लोकर बंद, शाळा बंद.

दादा, फायनलची परीक्षा पाडव्यानंतर अठराव्या दिवशी आहे.

तुम्ही चौघं म्हणाल, सहा वर्षं शिकली ती काय थोडी झाली? थोडीच झाली. सातवीची फायनल पास झालं की मास्तरकी मिळते, नापास झालं किंवा बसलंच नाही तर सहा वर्षांचं काहीसुद्धा मिळत नाही. धुऊन ठेवलेलं मेंढरू न कातरता सोडून द्यावं तसं होईल. वाडीची शाळा पुरानंतर जी बंद पडली ती अजून बंद आहे, कारण आपल्याकडं यायला कुणी मास्तर तयार नाही. केरा म्हणते, मी पास झाले की मीच येते. ती येईल. तिची हनुवटी तू बघितली आहेस.

चिमाभोवती नव्या सुना-जावई बसले असतील, त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगते. म्हाताऱ्यांनी कंटाळू नये.

सहा वर्षांमागं सीनेला पूर आला. आपल्याकडं थेंब नव्हता, आभाळ वर कुठं तरी फुटलं, आणि भर दुपारी पाणी आलं. खालच्या आळीतली घरं गेली, ज्वारीची पेवं पाण्यानं भरली, सहा महिने त्यांचा आंबूस वास येत होता. शाळा टेकावरच्या मारुतीच्या देवळात भरायची, म्हणून देवळात होती ती अकरा पोरं तेवढी कोरडी राहिली. त्यांतल्या काहींना संध्याकाळी घर नव्हतं, काहींना घरही नव्हतं आणि आईही नव्हती. मग सोलापूरच्या भल्या माणसांनी कमिटी केली, साखर पेठेत दोन खोल्या घेतल्या, ज्वारीची पोती लावून दिली, आणि अकरा पोरं इथं आणली. सांभाळायला बाई पाहिजे होती. मी विधवा, भावाच्या घरी राहणारी, मागं ना पुढं. मी आले.

तेव्हा तुम्ही धनगरांनीही मान खाली घातली नाही. शहरानं ज्वारी दिली तर आपण काय द्यायचं, म्हणून प्रत्येक पोरामागं एक मेंढी काढलीत. कानाला शाळेची खूण केलीत, कपाळाला भंडारा लावून ती बिरोबाच्या नावानं सोडलीत. अकरा पोरांच्या अकरा, आणि बारावी तू सोडलीस, तुझ्या लेकाच्या, येडूच्या नावानं. तो पुरात गेला होता. बारावीला भंडारा लावताना तुझा हात थांबला होता, मी बघितलं.

पण दादा, तिथंच आपण चुकलो. शहरातल्या माणसाला वाटलं, बारा मेंढ्या दिल्या म्हणजे त्यांची पिलावळ विकून पोरांचं भागेल. आणि आपण भंडारा लावून बसलो. भंडारा लागला की मेंढरू देवाचं. ते विकायचं नाही, कापायचं नाही, त्याच्या पोटचंही नाही. वर्षातून दोनदा लोकर तेवढी घ्यायची. सनगर त्या लोकरीची घोंगडी विणून देई, त्यातून पोरांचे कपडे, तेल, मीठ, पाट्या निघत. पोट मात्र कमिटीच्या ज्वारीवर. बारांची तीस मेंढरं झाली, आणि ती तीस मेंढरं इकडं ज्वारी संपली तरी रानात चरत राहिली असती, कपाळाला हळद लावून.

आणि ज्वारी संपली. हे मी तुला कळवलं नव्हतं.

कमिटीची माया पहिल्या वर्षी पुरासारखी होती. दुसऱ्या वर्षापासून ओसरत गेली. पोरंही चिमासारखी एकेक करून घरी गेली, अकरांतली पाच उरली. वर्षातून एकदा सभा व्हायची, पोरांना ओळीत उभं करायचे, कुणीतरी रावसाहेब येऊन डोळे पुसायचे. चौथ्या वर्षी एक बाई पोरांकडं बघून म्हणाल्या, "ही तर चांगली धष्टपुष्ट दिसतात." त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग बाईसाहेब, तुमच्या ज्वारीनं रोडावायला पायजे हुती का?" त्या पुन्हा आल्या नाहीत. चूक माझी असेल, मला पस्तावा नाही.

मग या संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी तिकडं बिहारात भूकंप झाला. गड्ड्याची जत्रा उठायच्या आत शहरभर त्याच्याच मदतीच्या पेट्या फिरायला लागल्या. कमिटीचे चिटणीस स्वतः आले, माणूस वाईट नाही, खाली बघून बोलत होते. खोल्या परीक्षेपर्यंत राहू द्या, पण ज्वारी आता भूकंपाकडं वळवावी लागेल, असं म्हणाले. पुढं म्हणाले, "अंबुबाई, पूर ओसरून सहा वर्षं झाली. आता पूरग्रस्त कुठं राहिलेत?"

मी म्हटलं, "साहेब, पाणी सहा दिसांत वसरलं. पोरास्नी सातवीला जायला सहा वर्सं लागत्यात, त्यो काय माजा दोष न्हाय."

भूकंपवाल्यांचं मी वाईट चिंतत नाही. देणाऱ्यांनी त्यांना द्यावं, पोटभर द्यावं. फक्त मी चिटणिसांना सांगून ठेवलं की त्यांची पोरंही आज पहिलीत असतील तर त्यांनाही सहा-सात वर्षं धरून ठेवा, मधेच दुसरं काही कोसळलं म्हणून सोडू नका. ते मान हलवून गेले. पोती आली नाहीत.

बसम्माची मूठ होती, पण एका मुठीवर सहा जणांचं पोट चालत नाही. मी तिला म्हटलं, आता काय करू? ती म्हणाली, "एन माडूद, अव्वा." म्हणजे काय करायचं, बाई. कानडीत विचारलं तरी उत्तर येत नव्हतं. आठ दिवस आम्ही आंबील पिऊन काढले. नवव्या दिवशी कोंडीबा वर्गात घेरी येऊन पडला. मास्तर त्याला खांद्यावर टाकून घेऊन आले. त्यांनी विचारलं, काय खाल्लंय? पोरगं म्हणालं, "लई खाल्लं, म्हनून झोप आली." माझी लाज राखायला खोटं बोललं. दादा, तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि ते अजून जागेवर आलेलं नाही, आणि यायला नको.

कारण त्याच वेळी तू पाय घेऊन वाडीला परतला होतास आणि शाळेची तीस मेंढरं संगप्पाच्या शेतात बसवलेली होती. संगप्पाला शेतात खत पाहिजे होतं, पोरं शाळा सुटल्यावर त्यांना चारून आणत होती. तीस मेंढरं, आणि ज्यांच्यासाठी ती सोडली ती पोरं आंबिलीवर.

तर ऐक. लांडगा आला नव्हता. संगप्पाच्या शेतात लांडगा कुठून येणार, तिथं गिरणीचा भोंगा ऐकू येतो. लांडगा साखर पेठेत राहतो, सकाळी भाकऱ्या थापतो आणि आता बसून हे पत्र लिहितो आहे. पाच मेंढरं मी विकली. बार्शीचा एक व्यापारी ज्वारीची गाडी घेऊन आला होता, त्याला मेंढरं दिली आणि त्याच्याकडून पोती उतरवून घेतली. त्यानं ती पुढं कुठं नेली हे मी विचारलं नाही, पण मी काही दूधखुळी नाही. जाताना त्यांच्या कपाळाचा भंडारा मी माझ्या पदरानं पुसला. संगप्पा बघत होता. त्यानं तोंड फिरवलं, एवढंच त्याचं पाप. मास्तरांना तर काहीच माहीत नव्हतं, ते बिचारे खरं समजून लिहीत होते.

चिमे, इथं थांब. दादाला पाणी दे. तो उठून जाईल, जाऊ दे. पाय दुखतो आहे, चार पावलं जाऊन परत येईल. बसला की पुढं वाच.

पहिली मी येडूचीच मेंढी विकली. मास्तरांच्या पत्रात ती शेवटी आली, पण ती पहिली होती. दुसऱ्याच्या पोराच्या मेंढीला आधी हात लावायचा मला धीर झाला नाही. का, ते पुढं सांगते.

पोरांना मी लांडग्याचीच गोष्ट सांगितली. चार पोरांनी मानली. केरा दोन दिवस संगप्पाचं शेत धुंडाळत होती, मग भाकरी पुढं सरकवून म्हणाली, "आत्या, लांडगा कुनालाच दिसला न्हाय. रगत न्हाय, लोकर न्हाय. ही भाकरी देवाच्या मेंढराची हाय. मी न्हाय खानार."

मी तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, "खा. पाप माजं, भाकरी तुजी."

तिनं खाल्ली. शेवटचा तुकडा होईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत खाल्ली. मग परवा संगप्पा तुझा निरोप सांगून गेल्यावर तीच माझ्यापुढं दौत घेऊन बसली. म्हणाली, "खोटं मास्तरांकडनं लिवून घेतलंस की. आता खरं तू लिव." म्हणून हे पत्र. पोरगी शिकवल्याचा हा तोटा आहे, तुम्हीही तयारीत राहा.

आता मला सांगा, वाडीतल्या शहाण्यांनो. चोरी मी केली आणि देव म्हणतो, "मी केली"? बिरोबावर माझा राग नाही, त्याच्या नावानं बोलणाऱ्यावर आहे. ज्याला मेंढरं कुणी नेली एवढं कळलं नाही, त्याला पोरांनी किती शिकायचं हे कसं कळलं? त्याला माझं पत्र वाचून दाखवा आणि मग पुन्हा अंगात येतं का बघा.

आणि देवाला मी जे सांगायचं ते रोज सांगते, मला मधे पुजारी लागत नाही. तू मेंढका आहेस दादा, तुला कळेल. आईवेगळं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असतं तेव्हा तू काय करतोस? ती लाथा झाडते, तू तिचे मागचे पाय धरून ठेवतोस. एक दिवस नाही, कोकरू चारा खायला लागेपर्यंत रोज. दोन दिवस पाजलं, आता बघ तुझं तू, असं कुठला धनगर म्हणतो? शहरानं पाजलं, मग लाथ झाडली. तुम्ही पाजलंत, आता तुम्ही झाडताय. मी पाय धरून बसले आहे. मला लागलं तर लागू दे, कोकरू सुटणार नाही.

बिरोबा रागावला असेल तर तो माझ्यावर रागावेल. त्याला माझं घर माहीत आहे.

हे झालं एक. हे लिहायला मला एक दिवस पुरला. दुसरं लिहायला सहा वर्षं लागली, आणि आत्ताही मी मधे उठून दोनदा चूल सारवून आले.

सारजावहिनी, तू नीट ऐक. हे तुझं आहे.

पुराच्या दिवशी मेंढरं नदीवर नेऊन धुवायची पाळी माझी होती. कातरणी दोन दिवसांवर आली होती, तू विसरली नसशील. त्या दिवशी मोडनिंबचा बाजार होता आणि माझी मिश्री संपली होती. एवढंच कारण. दात घासायची मिश्री. येडू पाटी घेऊन शाळेला निघाला होता, मी त्याला उंबऱ्यात गाठलं. म्हटलं, "आज मेंढरं तू धू. एक दिस साळा बुडली तर आभाळ कोसळत न्हाय."

तो म्हणाला, "मास्तर मारत्याल की."

मी म्हटलं, "मी सांगते मास्तरास्नी." त्यानं पाटी माझ्या हातात दिली आणि मेंढरं घेऊन खाली गेला.

मी बाजाराहून परतले तेव्हा नदी देवळाच्या पायरीला लागली होती. अकरा पोरं वर ओरडत होती. मी ती मोजली, पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी तुम्हाला तो बाभळीत सापडला. आणि दादा, तू म्हणालास, "साळा चुकवून गेलं, येडं." सगळी वाडी तेच म्हणायला लागली. मी तिथंच उभी होते. तोंड उघडायचं असतं तर उघडता आलं असतं. नाही उघडलं.

सहा वर्षं मी ते ऐकत आले. वाडीतल्या आया पोरांना अजून भीती घालतात, ऐकलं नाहीस तर शाळा चुकवून गेलेल्या येडूगत होईल. इथं बोर्डिंगातही एकदा कोंडीबा बोलला, आणि मी त्याला पहिल्यांदा मारलं. त्याला कळलं नाही का मारलं.

येडूनं शाळा चुकवली नव्हती. तो शाळेलाच निघाला होता. त्याची शाळा मी बुडवली.

म्हणून त्याची मेंढी पहिली. म्हणून मी बोर्डिंगात आले, कुणावर उपकार करायला नाही. आणि म्हणूनच तुम्ही आता एकाही पोराला परीक्षेआधी उचलून मेंढरांमागं पाठवू शकत नाही. एकदा मी पाठवलं. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही, वाडी आली तरी, देव आला तरी.

त्याची पाटी मी टाकली नाही. जिच्यावर मी लिहायला शिकले, ती कोपरा फुटलेली पाटी त्याचीच. त्याचं "ग" अजून एका बाजूला पुसट दिसतं, त्याला "ग" सरळ येत नव्हता. माझाही येत नाही, या पत्रात बघा.

तर आता माझं ठरलेलं ऐका. पाडव्याला चौघं या. भाकरी आणि झुणका करून ठेवते, पोटभर जेवा, आणि परत जा. पोरं इथंच राहतील. परीक्षा झाली की पाचही पोरं घेऊन मी स्वतः वाडीला येईन आणि देवळापुढं उभी राहीन. वाळीत टाकायचं तर टाका, दंड सांगायचा तर सांगा, तोंडाला काळं फासायचं तर बिब्बे घेऊन बसा. मी पळून जाणारी असते तर हे लिहिलंच नसतं. मात्र त्या दिवशी केरा आणि बाकीची पोरं माझ्या शेजारी उभी असतील, सातवी झालेली, आणि त्यांना मान खाली घाला असं कुणीही सांगायचं नाही.

आणि पंचवीस मेंढरं राहिली आहेत. चैत्रात कातरणी आली की शाळेची लोकर नेहमीसारखी बाजूला काढा. पुढल्या वर्षी वाडीत शाळा उघडेल तेव्हा पाट्या लागतील. भंडारा मात्र पुन्हा लावू नका. देवाला द्यायचं ते देवाला द्या, पोरांना द्यायचं ते पोरांना द्या, आणि पोरांना दिलं की ती मोठी होईपर्यंत द्या. एवढं जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी सोलापुरात भीक मागेन. मला ती मागता येते, सहा वर्षं कमिटीच्या सभांत शिकले आहे.

वहिनी, तू मला शिव्या दे. रोज दे. पण येडूला आता देऊ नकोस, आणि दुसऱ्यांनाही देऊ देऊ नकोस. वाडीत कुणाला पोरांना भीती घालायचीच असेल तर माझ्या नावानं घाला. शाळा बुडवू नको, अंबुआत्या येईल. मला चालेल, खरंच चालेल.

दादा, त्याची पाटी मी येताना घेऊन येईन आणि तुझ्या हातात देईन. तोवर ती मला लागते, अजून माझं जोडाक्षर कच्चं आहे.

चिमे, बाळ, झालं वाचून. बरं वाचलं असशील. तुला चौथीतून नेलं तेव्हा मी दारात उभी होते आणि बाजूला झाले. तेही मला आठवतं.

आजवर पत्राखाली माझा अंगठा असायचा, यावेळी सही आहे. आमचं दार अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो. पाडव्याला सकाळी त्या दारात मी असेन. यावेळी बाजूला होणार नाही.

दारात उभी,
तुझी
अंबू